खडकाशी बोलायचं होतं



मे महिन्यात धर्मग्रामातल्या मुलांना घेऊन आम्ही पचमढीला जाऊन आलो. दृढीकरणाच्या तयारीतली १९ मुलं, आम्ही दोघं नवराबायको, मुलांच्या आयांपैकी दोघी आणि एका मुलाचे आजोबा. हा लेख सहलीचा असला तरी खरं तर त्या आजोबांबद्दलच आहे. त्यांना विचारूनच लिहितो आहोत. नाव मात्र लिहीत नाही. सगळे त्यांना काका म्हणतात, आम्हीही.

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे पचमढी म्हणजे महादेव. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ वाहायला आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीला इथून माणसं पिढ्यान्‌पिढ्या जातात. लहानपणी शेजारची मंडळी यात्रेहून परत आली की पायांना तेल चोळत बसायची आणि आम्ही पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायचो. डोंगर, झरे, गुहा, सापांच्या गोष्टी. पचमढी आम्ही आधी अशी ऐकली, पाहिली फार उशिरा. यंदा पोरांना घेऊन निघालो आहोत म्हटल्यावर गल्लीतल्या आजी म्हणाल्या, “तुमी बी महादेवाले चालले का बाप्पा?” आम्ही म्हणालो, “धबधबा पाहाले चाललो आजी.” त्यांनी वाटेसाठी मुरमुऱ्यांचा चिवडा बांधून दिला.

शिबिरासाठी धबधबाच का, तर मुलांनी स्तोत्र ४२ पाठ केलं होतं. तहानलेल्या हरिणीचं. त्याच स्तोत्रात पुढे धबधब्यांच्या गर्जनेचाही उल्लेख येतो आणि आमच्या मुलांनी धबधबा असा पाहिलेलाच नव्हता. आमची जाम नदी मे महिन्यात कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. पांढुर्ण्यात पारा ४४ च्या पुढे गेला होता, नळाला दिवसाआड पाणी, आणि मुलं वर्गात हरिणीची तहान म्हणून दाखवत होती.

काकांचा नातू वर्गात आहे. त्याची आई येऊ शकत नव्हती, बाप कामाला नागपुरात. मुलाला एकट्याला पाठवायला घरचे तयार नव्हते, म्हणून आजोबा आले. आमच्यासाठी नव्हे. आमच्याशी ते दीड वर्षापासून कामापुरतंच बोलत होते आणि चर्चमध्ये तर येतच नव्हते.

त्याचं कारण आम्ही होतो. तेही इथेच सांगून टाकतो.

काकांचा संत्र्याचा बगिचा होता, ३०० झाडांचा. हाताने लावलेला, वीस-बावीस वर्षांचा. लागोपाठ उन्हाळ्यांत विहीर आटली. तीन बोअर मारले, दोन कोरडे गेले आणि तिसऱ्याला आठ महिने पाणी लागलं. टँकर आणून पाहिले. शेवटी झाडं शेंड्याकडून वाळत गेली आणि काकांनी ती तोडून जळणाला विकली. विहिरीजवळची ४० तेवढी राहिली. त्याच वर्षी उपवासकाळात आमच्या घराघरांतल्या प्रार्थना चालू होत्या आणि एक प्रार्थना काकांच्या अंगणात होती. प्रार्थनेनंतर चार शब्द बोलायची वेळ आली, तेव्हा आम्हाला एक दाखला सुचला. तुम्ही बागायतदार असाल तर तुम्हालाही तो सुचला असता. संत्र्याला बहार यावा म्हणून आपण झाडाचं पाणी तोडतो, त्याला ताण देतो. ताण बसल्याशिवाय फूल धरत नाही. आम्ही सगळ्यांसमोर म्हणालो, “काका, प्रभू तुम्हाला ताण देतो आहे. बहार येणार आहे.”

माना डोलल्या. काका काही बोलले नाहीत, आत जाऊन चहा घेऊन आले. आम्हाला तो दाखला इतका आवडला की पुढच्या दोन घरांतही तोच सांगितला, आणि नंतर मुलांच्या वर्गातही, जिथे त्यांचा नातू बसलेला होता.

पुढच्या रविवारपासून काका दिसेनासे झाले. आम्ही एकदा घरी जाऊन आलो, ते शेतात गेले होते. मग आपापसांत म्हणालो, माणसं देवावर रुसतात, वेळ जावा लागतो. ते देवावर रुसले आहेत की आमच्यावर, हा प्रश्न आम्हाला पडला नाही. पडू दिला नाही म्हणा.

तर असे आम्ही सगळे एका ट्रॅव्हलरमध्ये. पहाटे चारला निघालो, सौंसरला उरलेली मुलं घेतली. सिल्लेवानीचा घाट चढून छिंदवाडा, मग परासिया, तामिया, मटकुली. तामियाला उतरून दरी पाहिली, चहा घेतला. काका शेवटच्या बाकावर खिडकीशी बसून होते आणि बाहेरची जमीन पाहत होते. शेतकरी प्रवासात डोंगर पाहत नाही, माती पाहतो. मधेच नातवाला म्हणाले, “इथून माती बदलली.” आम्हाला बदललेली दिसली नाही. आम्ही दोघंही कला शाखेचे.

पचमढीत बायसन लॉजला परवान्याची खिडकी आहे. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ साली झालं आणि धबधब्यांच्या वाटा वनखात्याच्या हद्दीत आहेत, तेव्हा आपली गाडी बाहेर ठेवून परवाना, जिप्सी आणि गाइड घ्यावा लागतो. हे बायसन लॉज कॅप्टन जेम्स फॉर्सिथ या इंग्रज अधिकाऱ्याचं. त्याचं मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचं इंग्रजी पुस्तक १८७१ मध्ये निघालं. पुढे पचमढी मध्य प्रांताच्या सरकारची उन्हाळी राजधानी झाली. त्याआधी हे डोंगर कोणाला माहीत नव्हते असं नाही. गोंड आणि कोरकू माणसं इथेच राहत होती आणि आमच्या आजींचे पूर्वजही बहुधा महादेवाला येतच होते. आमचा गाइड कोरकू होता. पंचविशीचा, शांत, पायात साधी चप्पल.

जिप्सी सोडल्यावर अप्सरा विहारपर्यंत उतरण आहे, सावलीची. मुलं हुंदडत पुढे गेली. काकांचा गुडघा धरतो, ते काठी टेकत मागून आले. आम्ही दोघं त्यांच्या पुढे दहा पावलं, वळून पाहत, काय बोलावं ते न सुचून. अप्सरा विहार म्हणजे फार मोठा धबधबा नाही. खडकावरून तीसेक फूट पाणी पडतं आणि खाली डोह आहे. पण मे महिन्याच्या दुपारी ते पाणी गार होतं, इतकं की पहिल्या मुलाने पाय घातला आणि ओरडत मागे घेतला. आमच्याकडे तेव्हा टाकीतल्या पाण्याने हात भाजायचा.

हेच पाणी पुढे जाऊन कड्यावरून सुमारे ३५० फूट खाली पडतं, तो रजत प्रपात. डोहापासून तिथवर मोठमोठ्या दगडांतून दहा-पंधरा मिनिटांची चढउतार आहे. काका म्हणाले, “तुमी जा, मी इथं बसतो.” मुलाच्या आयांपैकी एक त्यांच्याजवळ थांबली आणि बाकीचे आम्ही गाइडच्या मागे निघालो.

दरीच्या या बाजूला उभं राहून समोरचा प्रपात पाहायचा असतो. गाइडने कठड्यापुढे कोणालाही जाऊ दिलं नाही आणि ते बरंच केलं. मुलांनी मोबाइलवर पावसाळ्यातले फोटो पाहून ठेवले होते. समोर होती एक पांढरी रेघ. वारा आला की मध्येच वाकायची, खाली पोचेपर्यंत निम्मी हवेत विरायची. एक मुलगा म्हणाला, “बस, इतकंच?” गर्जना वगैरे काही नव्हती. स्तोत्र म्हणायचं ठरलं होतं ते म्हणून झालं, पण जीव नव्हता त्यात. आम्हालाही थोडं फसल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगा. एवढा खर्च, एवढी वणवण, आणि देवाने रेघ दाखवली.

गाइड म्हणाला की पावसात आलात तर धुक्यामुळे बऱ्याचदा हेही दिसत नाही. आणि मी तरी याला पूर्ण कोरडा पाहिलेला नाही, असं म्हणाला.

परत डोहाशी आलो तेव्हा काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून बसले होते. हातात एक दगडाचा तुकडा होता आणि तो ते अंगठ्याने चोळत होते. त्याची वाळू होऊन पाण्यात पडत होती. आम्हाला सोडून त्यांनी गाइडलाच विचारलं, त्यांच्या हिंदीत, “अभी तो बारिश को महीना है। ये पानी आता किधर से है?”

गाइड हसला. कड्याकडे हात करून म्हणाला, “पत्थर पीता है, काका। बारिश में पीता है, फिर धीरे-धीरे छोड़ता है।”

काकांनी दगड पुन्हा चोळला. वास घेतला. मग बराच वेळ काही नाही.

नंतर आम्ही याबद्दल वाचलं. पचमढीचा डोंगर वालुकाश्माचा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली वाळू दबून झालेला दगड, आणि वाळूच्या कणांमध्ये, भेगांमध्ये त्याच्या पोटात जागा असते. पावसाळ्यात पडलेलं पाणी तो आत घेतो आणि महिनोन्‌महिने झिरपवत राहतो. आमच्या पांढुर्ण्याकडचा काळा दगड निराळा, लाव्हाचा. तो घट्ट असतो. पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांत, बाकी उतारावरून वाहून जातं. सौंसरकडे आणखी तिसरेच खडक, फार जुने, मँगनीज असलेले. भूविज्ञानात त्यांना ‘सौंसर समूह’ असंच नाव आहे, हे आम्हाला आमच्याच गावाबद्दल या वयात कळलं! आणि पाण्याच्या वाटाही वेगळ्या. पचमढीचं पाणी देनवेतून तव्यात, तव्यातून नर्मदेत आणि पश्चिमेच्या समुद्रात जातं. आमच्या जामचं कन्हानमधून वैनगंगेत, पुढे गोदावरीत, आणि पूर्वेच्या समुद्रात.

मुलं उथळ काठाला पाण्यात बसली, दोघी आया त्यांच्यावर नजर ठेवून. आम्ही काकांच्या शेजारी बसलो. आमच्यापैकी एक म्हणालं, “काका, आम्ही त्या दिवशी तुमच्या अंगणात…” एवढंच. पुढचं वाक्य तयार नव्हतं.

काका पाण्याकडे पाहत म्हणाले, “ताणाचा हिशेब असते मास्तर.”

मग ते बोलत गेले आणि आम्ही पहिल्यांदा ऐकलं. “हलकी जमीन असन तर महिना, सवा महिना. भारी असन तर दीड-दोन महिने. पानं पिवळी पडतात, गळाले लागतात. मंग पाणी सोडा लागते, आधी हलकं, मंग भरपूर. एका दिवसाचा उशीर झाला त झाड बसते. ताण देणारा माणूस रोज बांधावर उभा राह्यते, रोज पान पाह्यते. विहिरीत पाणी असते त्याच्या. पाणी असून तो देत नाही, त्याले ताण म्हणतात.” दगड बाजूला ठेवला. “माह्या झाडाले ताण नोहता. माह्या विहिरीत पाणीच नोहतं. मी रोज बांधावर उभा राहून ते मरताना पाह्यलं. अन तुमी म्हणता, देव तसा उभा आहे. पाणी असून देत नाही.”

यावर धर्मशिक्षकाकडे उत्तर असायला हवं. आमच्याकडे वह्यांत उत्तरं आहेत. तिथे एकही तोंडात आलं नाही आणि त्याबद्दल आम्ही प्रभूचे आभार मानतो. आम्ही म्हणालो, “चुकलो काका.”

ते म्हणाले, “चहाही धड पेला नाही तुमी त्या दिवशी. घाईत होते. दुसऱ्या घरी प्रार्थना होती.”

ते खरं होतं. कप अर्धा ठेवून उठलो होतो. आम्हाला ते आठवतही नव्हतं, त्यांना मात्र दीड वर्ष आठवत होतं.

पुढे काही झालं नाही. मुलांना भूक लागली, आजींचा चिवडा निघाला. काकांनी रिकाम्या बाटलीत डोहाचं पाणी भरून घेतलं आणि दगडाचा तो तुकडा खिशात टाकायला गेले. गाइडने हळूच सांगितलं की इथून काही न्यायचं नसतं. त्यांनी तो होता तिथे परत ठेवला.

रात्रीच्या वर्गासाठी आम्ही निर्गमचा १७ वा अध्याय काढून ठेवला होता, मोशे खडकावर काठी मारतो आणि लोकांना पाणी मिळतं तो. दिवसभर खडक आणि पाणी पाहिल्यावर तो सोपा गेला असता. पण जेवताना आमच्या दोघांच्याही मनात गणनाचा २० वा अध्याय घोळत होता. प्रसंग तसाच आहे, वर्षं उलटली आहेत. लोक पुन्हा तहानलेले आहेत, पुन्हा कुरकुरत आहेत. या वेळी देव मोशेला सांगतो की खडकाशी बोल. मोशे लोकांवर चिडतो, त्यांना बंडखोर म्हणतो आणि खडकावर काठी मारतो, दोनदा. त्यासाठी त्याला वचनदत्त देशात पाऊल टाकता आलं नाही.

मुलांना ही शिक्षा फार मोठी वाटली. त्यावर बराच वाद झाला. एक म्हणाला, मागच्या वेळी मारूनच पाणी आलं होतं, मग त्याचं काय चुकलं? एका मुलीने सांगितलं, “पण या वेळी बोलायला सांगितलं होतं ना.” दुसरा म्हणाला, तहान लागली असताना माणूस कुरकुरणारच, त्यात चिडायचं काय? आम्ही फारसं बोललो नाही. तेवढ्यात काकांचा नातू म्हणाला, “पण पाणी तर आलंच.” खरंच, तसंच लिहिलं आहे. मोशे चुकला तरी पाणी भरपूर आलं, माणसं प्यायली, जनावरंही प्यायली. इतकी वर्षं हा अध्याय शिकवताना आमचं लक्ष मोशेच्या शिक्षेवर असायचं. तहानलेल्या माणसाचं पाणी देवाने मोशेच्या चुकीवर अडवून धरलं नाही, हे एका चौदा वर्षांच्या मुलाने दाखवून दिलं.

काका भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते. झोपले होते की ऐकत होते, सांगता येणार नाही.

मग मुलांनी पुन्हा स्तोत्र ४२ म्हटलं. त्या आधी आम्ही एक गोष्ट सांगितली, जी वर्गात कधी सांगितली नव्हती. हे स्तोत्र तक्रारीचं आहे. म्हणणारा रडतो आहे, लोक त्याला विचारताहेत की तुझा देव कुठे आहे, आणि तो देवालाच विचारतो की तू मला का विसरलास. पवित्र शास्त्राने ही तक्रार खोडून काढलेली नाही, प्रार्थना म्हणूनच ठेवली आहे. काकांच्या अंगणात त्या दिवशी खरं तर हेच स्तोत्र म्हणायला हवं होतं, आणि नंतर गप्प बसून चहा प्यायला हवा होता.

रविवारी सकाळी पचमढीच्या कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा झाली, हिंदीतून. ही इमारत १८९२ सालची. गावात १८७५ सालचं क्राइस्ट चर्चही आहे, रंगीत काचांचं, तेही मुलांना बाहेरून दाखवलं. काका मिस्साला आत आले आणि शेवटच्या बाकावर बसले. कम्युनियनच्या वेळी उठले नाहीत. आम्ही मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरी पाहिलं.

परतीच्या वाटेवर सिल्लेवानीच्या घाटात त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. वाटलं, तब्येत बिघडली. ते उतरले आणि रस्त्याच्या कडेला उतारावर खोदलेल्या जुन्या आडव्या चरांकडे पाहत उभे राहिले. परत येऊन नातवाला म्हणाले, “आपला दगड पीत नाही तर त्याले पाजा लागन.”

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. दीड वर्षातला पहिला. “शनिवारी पोट्ट्यांईले घेऊन या मास्तर. फावडे माह्याजवळ आहेत.”

उरलेल्या ४० झाडांच्या वरच्या अंगाला त्यांची पडीक जमीन आहे, उताराची. काकांनी पाण्याच्या नळीने पातळी काढून फक्कीने रेघा मारून ठेवल्या होत्या. सकाळी सहा ते दहा, असे तीन शनिवार आम्ही तिथे चर खोदले. पावसाचं पाणी उतारावरून पळून न जाता तिथे अडावं आणि मुरमात जिरावं, एवढाच हेतू. मुलांच्या तळव्यांना फोड आले. आमच्याही. एका मुलाने विचारलं की यानं विहिरीला पाणी येईल का. काका म्हणाले, “मले काय ठाऊक? खोद.”

आम्हाला लोक विचारतात, काका चर्चला यायला लागले का? दोन रविवार आले, एक रविवार आले नाहीत. त्यांच्याकडे आम्ही यातलं काही काढत नाही.

शेवटच्या शनिवारी काम संपल्यावर काकूंनी झुणका-भाकर वाढली आणि मग चहा आला. आम्हाला दुपारी एका बैठकीला पोचायचं होतं. कप रिकामा झाल्यावर काकांनी काही न विचारता पुन्हा भरला. आम्ही बसून राहिलो. मृग लागून चार दिवस झाले होते, आभाळ नुसतंच भरून होतं, आणि काका नातवाला सांगत होते की कोणत्या चराचा बांध अजून एक वीत उंच घ्यायला हवा.